वीस मिनिटं भाषण, चाळीस मिनिटं प्रश्न

आमच्या कॉलेजात एक दिवस व्याख्यानांचा ठरला होता, आणि त्याच्या फलकावरचे चारही विषय आमच्या जुन्नर तालुक्यातलेच होते. विहिरीचं पाणी, उसातला बिबट्या, बोरी गावची राख आणि खोडदची रेडिओ दुर्बीण. त्यामुळेच मला त्या दिवसाला जावंसं वाटलं. पुण्याहून विद्यापीठातली आणि संशोधन संस्थांतली चार माणसं येणार होती. प्रत्येकाने वीस मिनिटं बोलायचं, नंतरची चाळीस मिनिटं प्रश्नांना राखून ठेवायची, सगळं मराठीतून, आणि यायला कुणालाच मज्जाव नाही. कॉलेजातल्या ज्या प्राध्यापकांनी हे जुळवून आणलं त्यांनी आणखी एक गोष्ट आधीच ठरवून टाकली होती: सत्कार नाहीत, आणि वक्त्याची ओळख दोन वाक्यांत संपवायची.

रविवार होता. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात, उसाच्या तोडीही चालू. माणसं येतील की नाही अशी मला धाकधूक होती, पण सभागृह भरलं. पुढच्या रांगांत विद्यार्थी, त्यांच्यामागे शिक्षक, बचतगटाच्या बायका, बागेवरून थेट आलेले शेतकरी, आणि आमच्याकडे कुठलंही व्याख्यान न चुकवणारी ती टोपीवाली म्हातारी मंडळी. माझ्याबरोबर सासूबाई होत्या. त्यांचं माहेर बोरीचं. फलकावर बोरीचं नाव आहे एवढं कळल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही, सकाळी लवकर आवरून तयार होऊन बसल्या.

व्याख्यानं आम्हाला नवी नाहीत. पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू, आणि त्यांच्याच नावाची व्याख्यानमाला विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ गावोगावच्या कॉलेजांतून घेत आलेलं आहे. माझ्या पिढीतल्या अनेकांनी चांगला वक्ता पहिल्यांदा ऐकला तो तिथेच. त्याच्याही मागे जायचं तर पुण्याची वसंत व्याख्यानमाला आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली. दीडशे वर्षं ऐकण्याची सवय असलेला हा मुलूख आहे. फक्त ऐकण्याच्या मानाने आपण विचारलं कमी. कार्यक्रम उशिरा सुरू होतो, प्रास्ताविक लांबतं, अध्यक्षीय भाषण त्याहून लांबतं, आणि शेवटी सूत्रसंचालक म्हणतो की वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येणार नाहीत. हे वाक्य मी इतक्या मांडवांत ऐकलंय की लोकांच्या मनात काय होतं ते कुणालाच न कळता सभा उठते याची मला आता चीड येते.

पहिलं व्याख्यान पाण्याचं. भूशास्त्राच्या प्राध्यापकांनी पिशवीतून दोन दगड काढले आणि पहिल्या रांगेत दिले. एक काळा पाषाण, गच्च, हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड. दुसरा बारीक भोकांचा, काही भोकं पांढऱ्या खनिजाने भरलेली, काही रिकामी. विहीर खणणारी माणसं त्याला मांजऱ्या म्हणतात. दगड रांगारांगांतून फिरत मागे गेले आणि त्यांच्याबरोबर कुजबुजही मागे गेली, कारण निम्म्या सभागृहाने हे दोन्ही दगड पैसे मोजून फोडलेले होते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर वाहिले. प्रत्येक थर थंड होताना त्यातले वायू वर सरकले, म्हणून थराचा माथा बुडबुड्यांचा आणि पोट घट्ट. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी लाल पट्टी. आपलं पाणी आहे ते वरच्या झिजलेल्या मुरमात, माथ्याकडच्या मांजऱ्यात आणि घट्ट खडकाला पडलेल्या भेगांत. जमिनीखालून नदी वाहत असते आणि तिची धार सापडली की झालं, ही समजूत आपल्या खडकाला लागू पडत नाही. एवढंच त्यांनी सांगितलं. वीस मिनिटांत याहून जास्त मावत नाही, आणि त्यांनी ते मावण्याजोगं करून आणलं होतं. तासाभराच्या भाषणात माणूस आठवेल ते सांगत जातो. वीस मिनिटांचं भाषण करायचं तर आधी घरी बसून ठरवावं लागतं की या लोकांना यातलं नेमकं काय लागणार आहे.

मग प्रश्न. मागून एक जण उभे राहिले. "सर, माझ्या बोअरला साडेचारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. शेजाऱ्याला दोनशेवर पाणी लागलं. आमचा बांध एकच आहे. हे कसं काय?"

सभागृहात हसू उमटलं, पण ते ओळखीचं हसू होतं. त्या प्रश्नात कर्ज होतं हे सगळ्यांना माहीत होतं. प्राध्यापकांनी खडू घेतला. फळ्यावर घट्ट खडकाचा जाड पट्टा काढला, त्यात उभ्या-तिरप्या भेगा काढल्या आणि शेजारी शेजारी दोन बोअर काढली. एक भेगेला छेदून गेलं, दुसरं दोन भेगांच्या मधून कोरडंच खाली उतरलं. सहा इंची भोक आहे, ते भेगेत पडलं तर पाणी, नाहीतर फुफाटा. विहीर रुंद असते, म्हणून तिला वरच्या थरातल्या चार भेगा तरी भेटतात. मग त्यांनी आणखी एक रेघ ओढली. खोल बोअरच्या वरच्या भागात नीट केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, नसेल तर वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली झिरपत जातं, आणि आजूबाजूच्या विहिरी लवकर तळ गाठतात. यावर सभागृहात शांतता पसरली. आपली विहीर माघातच का आटते याचा हिशेब कित्येकांच्या डोक्यात त्या क्षणी चालू असावा. माझ्या तर होताच.

"मग पाणाड्या नारळ धरून सांगतो ते?" हा प्रश्न येणार हे नक्की होतं. प्राध्यापकांनी पाणाड्याची टर उडवली नाही, आणि त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं गेलं. त्यांचं म्हणणं असं की, झिजलेल्या खडकात पुष्कळ ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच. लागलेलं बोअर गावभर सांगितलं जातं आणि फसलेलं कुणी सांगत नाही. तुम्ही असं करा, गावातली सगळी बोअर एका कागदावर उतरवा. कुणाचं, कुठे, किती फूट, कोणत्या खोलीवर काय लागलं, आणि जागा कुणी दाखवली होती. फसलेली आधी लिहा. हा कागद झाला की मला बोलवा, मी परत येईन.

या एका उत्तरासाठी मी तो दिवस मोलाचा मानीन. त्यात विद्यापीठाने गावाला दिलेली माहिती आहे आणि गावाकडून मागितलेलीही आहे. फसलेल्या बोअरची नोंद कुठल्याही ग्रंथालयात नसते. ती त्या मागच्या रांगेत बसलेली होती.

याचा एक जुना दाखला आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. केंब्रिजमधला जेम्स स्टुअर्ट नावाचा तरुण अध्यापक १८६७ पासून उत्तर इंग्लंडातल्या गावांत व्याख्यानं देत फिरू लागला. रॉचडेल हे गिरण्यांचं गाव, आधुनिक सहकारी चळवळीचं मूळ समजलं जाणारं. तिथल्या सहकारी मंडळींच्या सभागृहात तो खगोलशास्त्रावर बोलत असे. एकदा व्याख्यान संपल्यावर त्याला घाई होती, म्हणून त्याने भिंतीवरच्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत तशाच टांगून ठेवायला सांगितल्या. तो परत आला तेव्हा सभागृह सांभाळणारा म्हणाला, फार बरं केलंत आकृत्या ठेवून गेलात ते. आमची माणसं आठवडाभर त्यांवर चर्चा करतायत, त्यांना तुम्हाला बरंच विचारायचं आहे, आज व्याख्यानाआधीच येणार आहेत. आणि वीस-तीस कारागीर खरोखरच आधी येऊन बसले. त्या दिवसापासून स्टुअर्टने व्याख्यानाला जोडून प्रश्नांचा वर्ग ठेवायला सुरुवात केली. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने हा सगळा उपक्रम आपला म्हणून स्वीकारला, आणि विद्यापीठाबाहेरच्या शिक्षणाची जी पद्धत पुढे जगभर गेली, ती तिथून.

त्या पद्धतीतलं व्याख्यान आपल्याकडे चांगलं रुजलं. तो वर्ग मात्र वाटेत कुठेतरी राहून गेला असं मला वाटतं.

आपल्याकडे प्रश्नाची किंमत ओळखणारी माणसं झाली नाहीत असं नाही. डॉ. जयंत नारळीकर मुलांना सही देत नसत. सांगत, मला पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांनी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तिथे शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू झाली, विज्ञान दिनाला दारं उघडली गेली. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा कितीतरी जणांनी आपापलं जपून ठेवलेलं पोस्टकार्ड शोधून काढलं असेल. एवढा मोठा शास्त्रज्ञ पोरांना सहीसाठीसुद्धा आधी विचार करायला लावत होता, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही सन्मानापेक्षा मोठी वाटते.

बिबट्याच्या व्याख्यानाला हवा बदलली. आमच्याकडे हा विषय कुतूहलाचा उरलेला नाही. संध्याकाळी पोरांना अंगणातून हाक मारताना आवाज चढतो, तो उगाच नाही. वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा समोरच्या खुर्च्यांवर हाताच्या घड्या घातलेल्या दिसत होत्या. त्यांनी सावकाश सांगितलं: ऊस म्हणजे बिबट्याला वर्षभर टिकणारा आडोसा, कुत्री आणि शेळ्या-मेंढ्या म्हणजे सोपं खाद्य, आणि उसातच जन्मलेल्या पिल्लाला तेच घर. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागातून शंभरावर बिबटे पकडले गेले आणि त्यांतले पुष्कळ इतरत्र सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की जिथे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले, आणि जुन्नरमध्येही ते कमी झाले नाहीत. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो. सोडलेला अनोळखी मुलखात भांबावलेला असतो, परत फिरायला बघतो.

एक तरुण उठला. आवाज चढवला नाही त्याने. "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण आमची थ्री फेजची लाईट रात्रीची असते. मोटार चालू करायला मला रात्री दोनला उसातनं जावंच लागतं. मी काय करू?"

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्या अभ्यासात नाही. विजेचं वेळापत्रक बदललं तर तुमचा धोका माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त कमी होईल. हे मी लिहून घेते." आणि त्यांनी व्यासपीठावरच वही उघडून लिहून घेतलं. बॅटरी, मोबाईलवर मोठ्याने गाणी, दोघांनी मिळून जाणं, वाकून काम करताना पाठीमागे लक्ष ठेवणं, हे त्यांनी नंतर सांगितलंच. घड्या सुटल्या त्या मात्र वही उघडली तेव्हा. शास्त्रज्ञ जिथे "माझ्याकडे उत्तर नाही" म्हणतो तिथे लोकांचा त्याच्यावरचा विश्वास वाढतो, हे मी त्या दिवशी समोर पाहिलं. आणि बिबट्याचा प्रश्न जितका वनखात्याचा तितकाच वीज कंपनीचा आहे, हे एका पाणी भरणाऱ्या पोराने दहा सेकंदांत मांडलं.

जेवणानंतर बोरी. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी काचेची छोटी बाटली आणली होती. आत पांढुरकी करडी भुकटी, रांगोळीसारखी बारीक. कुकडीच्या काठावर बोरीजवळ जो राखेचा थर सापडतो त्यातली ही. आपले ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालेले, मग ही राख कुठली? ती इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची. वाऱ्याने समुद्र ओलांडून आली आणि कुकडीच्या खोऱ्यात साचली. त्याच परिसरात दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत, म्हणून राखेचं वय ठरलं तर इथे माणूस कधीपासून राहतोय याला एक खूण मिळते. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी या जागेवर वर्षानुवर्षं काम केलेलं आहे.

आणि नेमक्या वयावरच वाद. एका पद्धतीने सुमारे चौदा लाख वर्षं आली, दुसरीने साडेसहा-सात लाख, तर काहींच्या मते ही टोबाच्या सगळ्यात मोठ्या उद्रेकाची, म्हणजे पाऊण लाख वर्षांच्या आतबाहेरची. वक्त्यांनी तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकामागची पद्धत दोन-दोन वाक्यांत सांगितली. थर पुराने हलून पुन्हा साचला असेल का, कुऱ्हाडी राखेच्या खालच्या की वरच्या, इथपर्यंत ते गेले. लोकांना वाद सांगू नये, त्यांचा गोंधळ होतो, असं मानणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. जमिनीच्या मोजणीचे वाद पिढ्यान्‌पिढ्या लढवणाऱ्या माणसांना पुरावा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "परीक्षेत आलं तर कोणतं वय लिहायचं?" वक्ते म्हणाले, "तिन्ही लिही, आणि तुला कोणतं पटतं आणि का, ते लिही. मी तपासत असेन तर पूर्ण गुण देईन."

तेवढ्यात माझ्या शेजारून सासूबाई उभ्या राहिल्या. बाटली नुकतीच त्यांच्या हातात आली होती. चिमूटभर तळहातावर घेऊन त्यांनी ती अंगठ्याने चोळून पाहिली होती. म्हणाल्या, "ही माती आम्ही घरी आणायचो. माझी आई पितळेची भांडी घासायची हिने. चिंचेबरोबर घासलं की लख्ख निघायची. पण ती नदीत आता दिसती तिथली नव्हे. वरच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला एक जागा होती, तिथून आणायचो."

वक्ते व्यासपीठावरून खाली उतरून आमच्या रांगेपाशी आले. कोणता ओढा, कुणाच्या शेताच्या बाजूला, थर हातभर होता की वीतभर, वर काळी माती होती का. सासूबाई एकेक सांगत होत्या, हाताने उंची दाखवत होत्या. राखेच्या कणांना काचेच्या तुकड्यासारख्या कडा असतात, म्हणून ती घासायला चांगली, हे त्यांनी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हो, नखांजवळ चरचरायचं." सभागृहातले सगळे ऐकत होते. घड्याळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि संयोजकांनीही त्या वेळी कुणाला थांबवलं नाही.

खोडदची दुर्बीण शेवटी आली, तेव्हा मंडळी थोडी थकली होती. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. आम्ही त्या जाता-येता पाहतो. पण तबकडी जाळीची का, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. रेडिओ लहरी लांब असतात, जाळीची भोकं त्यांच्या मानाने इतकी लहान की त्या लहरींना ती जाळी सलग पत्र्यासारखीच. वाऱ्याला मात्र ती मोकळी, त्यामुळे वजनही कमी लागतं. "आमच्या मोटारीच्या स्टार्टरचा तुम्हाला त्रास होतो का?" असं एकाने विचारलं. होतो, जिथे ठिणगी उडते तिथे रेडिओ गोंगाट होतो, असं उत्तर मिळालं. अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, दुर्बीण पाहायला या, शाळांची प्रदर्शनं असतात, हे आमंत्रणही मिळालं. रामन यांनी १९२८ साली ज्या दिवशी आपला शोध जाहीर केला तो हा दिवस, हे मुलांना माहीत होतं.

असा दिवस भरवायला फार पैसे लागत नाहीत. प्रवासखर्च, दुपारचं जेवण, फळा, चांगला माईक. लागतो तो वक्त्यांचा पूर्ण दिवस. बोलून लगेच गाडीत बसणारा पाहुणा इथे उपयोगाचा नाही. खरे प्रश्न जेवणाच्या पंगतीत निघतात, माईकवर बोलायला कचरणाऱ्या बायका तिथेच विचारतात. प्राध्यापकांच्या बढतीच्या हिशेबात शोधनिबंध धरला जातो, तसा गावात घालवलेला हा दिवसही भरघोस धरला जावा, असं मला मनापासून वाटतं. फसलेल्या बोअरचा कागद, रात्रीच्या विजेची नोंद आणि ओढ्याकाठचा राखेचा थर एका रविवारात मिळाला, हे संशोधन नाही तर काय आहे?

निघताना दारात कोरे कागद ठेवले होते, पुढच्या वेळी काय ऐकायचंय ते लिहायला. पेटी भरल्यावर कॉलेजातल्या मुलींनी तिथेच चिठ्ठ्या वाचून याद्या केल्या, मीही मदतीला बसले. विजा कुठे पडणार हे आधी का कळत नाही. कांद्याचा भाव कोण ठरवतं. नाणेघाटातल्या शिलालेखात नेमकं काय लिहिलंय. जमीन खारवली तर परत सुधारते का. टोमॅटोवर येणारा व्हायरस माणसाला होतो का. एका चिठ्ठीवर फक्त "बिबट्या, पुन्हा" एवढंच होतं. पाण्यावरच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त निघाल्या, म्हणून पुढच्या वेळी पहिलं व्याख्यान पुन्हा पाण्याचंच ठेवायचं ठरलं, आणि आमच्या गावातल्या बोअरची यादी करायचं काम मी अंगावर घेतलं.